तिसरीची वीस मिनिटे

महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत तिसरीचे वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होते आणि एप्रिलअखेर संपते. विदर्भात उन्हामुळे पहिली घंटा जूनच्या चौथ्या आठवड्यात वाजते. दिवाळीची सुट्टी या वर्षाचे दोन भाग पाडते. जून ते दिवाळी प्रथम सत्र, दिवाळी ते एप्रिल द्वितीय सत्र. दोन्ही सत्रे मिळून किमान २०० दिवस शाळा भरावी आणि ८०० तास शिकवणे व्हावे, असे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी सांगितले आहे. दिवसाला सरासरी चार तास. घरच्या अभ्यासाचे मोजमाप केंद्र सरकारच्या २०२०च्या दप्तर धोरणात सापडते. दुसरीपर्यंत गृहपाठ अजिबात नाही. तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याचे सहा दिवस शाळा धरली तर रोजची वीस मिनिटे. २०० दिवसांचे ३३ आठवडे होतात, म्हणजे वर्षभराचा घरचा अभ्यास सदुसष्ट तासांच्या आसपास थांबतो. शाळेतल्या वेळेचा तो जेमतेम बारावा हिस्सा आहे. तिसरीच्या मुलाने रात्री दहापर्यंत वही उघडी ठेवून बसावे, अशी अपेक्षा कोणत्याही अधिकृत कागदावर नाही.

या वीस मिनिटांचे वजन मात्र मोठे आहे, कारण तिसरी ही प्राथमिक शाळेतली सर्वांत अवघड पायरी आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दुसरीपर्यंतची वर्षे पायाभूत स्तरात आणि तिसरी ते पाचवी पूर्वतयारी स्तरात घातली. ५ जुलै २०२१ला सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने मात्र पायाभूत साक्षरतेची अखेरची रेघ तिसरीच्या शेवटी ओढली: मुलाला मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचता यावेत, ९,९९९पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि गुणाकाराची सोपी उदाहरणे सोडवता यावीत. एकीकडे जुने पुरे करायचे आणि दुसरीकडे नवे सुरू करायचे, अशी दोन्ही कामे या एकाच वर्षावर येतात. परिसर अभ्यासाचे स्वतंत्र पुस्तकही तिसरीतच पहिल्यांदा हाती येते. पहिली-दुसरीत वाचन अडखळत असेल तर त्रास भाषेच्या तासापुरता असतो. तिसरीत तोच अडखळणारा मुलगा परिसर अभ्यासात आणि गणिताच्या शाब्दिक उदाहरणांतही मागे पडतो, आणि आपल्याला गणित येत नाही असे त्याला वाटू लागते. त्याला येत नसते ते वाचन.

जूनचे पहिले आठवडे उजळणीचे. वर्गशिक्षिका वार्षिक नियोजन आणि मासिक नियोजन मांडते, रोजचे टाचण काढते, आणि दुसरीचे काय पक्के आहे, काय निसटले आहे हे पाहते. २०२३-२४पासून त्यासाठी तिसरी ते आठवीच्या वर्गांना नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. वर्षात तीन: सुरुवातीला पायाभूत चाचणी आणि मग प्रत्येक सत्राच्या शेवटी संकलित मूल्यमापन. पायाभूत चाचणीचा उपयोग निदानापुरता आहे. कोणत्या मुलाला हातच्याची बेरीज जमत नाही, कोणाला जोडाक्षर आले की थबकायला होते, हे तिच्यातून कळावे. ते घरी सांगितले गेले तरच घरच्या अभ्यासाला दिशा मिळते. चाळीस मुलांना फळ्यावरून एकच गृहपाठ दिला, तर ज्याला येते तो कंटाळतो आणि ज्याला येत नाही तो दुसऱ्याच्या वहीतून उतरवून आणतो.

खेड्यापाड्यांत एक गोष्ट आणखी लक्षात घ्यावी लागते. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा अशा द्विशिक्षकी आहेत. तिथे तिसरी-चौथीचा जोडवर्ग असतो. चौथीला शिकवणे चालू असताना तिसरी स्वाध्याय सोडवत बसते. शहरातले मूल जे घरी एकट्याने करते, ते हे मूल वर्गातच करत असते. त्याच्या घरच्या अभ्यासात एकट्याने लिहिण्याची आणखी भर घालण्यापेक्षा बोलण्या-ऐकण्याची जागा ठेवणे अधिक उपयोगी.

प्रथम सत्रात भाषेचा गाभा म्हणजे मोठ्याने, ओघवते वाचन. देवनागरी लिपी उच्चाराशी प्रामाणिक आहे, म्हणून मराठी वाचणे सोपे, असे सहज म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतला ‘च’ लिहिताना एकच, उच्चारताना वेगळा. ‘जीवन’ आणि ‘जहाज’ यांतल्या ‘ज’चेही तेच. ‘र’ तर वेश बदलत हिंडतो: ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढतो, ‘चक्र’मध्ये पायाशी येतो, ‘राष्ट्र’मध्ये टोपीसारखा खाली अडकतो आणि ‘सुऱ्या’मध्ये आडवा होतो. त्यात मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘घरासमोरच्या’, ‘मैत्रिणींबरोबरसुद्धा’ असे लांबलचक शब्द तिसरीच्या पाठात पावलोपावली भेटतात. मिनिटाला ६० शब्द हा आकडा म्हणूनच सगळ्या भाषांना सारखा लावता येत नाही. २०२२मध्ये एनसीईआरटीने तिसरीच्या मुलांचा पायाभूत अध्ययन अभ्यास केला, तेव्हा २० भाषांसाठी वाचनाचे निकष वेगवेगळे ठरवले गेले, ते याच कारणाने. पालकांनी घड्याळ लावून शब्द मोजत बसू नये. मूल वाक्य तोडून वाचते की अर्थाच्या ठिकाणी थांबून वाचते, एवढे कान देऊन ऐकले तरी पुरे.

रोजच्या वीस मिनिटांतली निम्मी यासाठीच आहेत. घरात कोणीतरी बसावे आणि मुलाने एक पान वाचून दाखवावे. हा गृहपाठ स्वतः वाचता न येणाऱ्या आजीलाही करून घेता येतो. नातू कुठे अडखळला हे तिला कळते, आणि ‘मग पुढं काय झालं रं?’ असे तिने विचारले की मुलाला अर्थ लागला की नुसती अक्षरे लागली, त्याचीही परीक्षा होऊन जाते. अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी घरात तिने त्याच्या बोलीत विचारावे, त्याने त्याच बोलीत सांगावे. पुस्तकातली प्रमाण मराठी आणि घरची बोली यांच्यामधला पूल अशा सांगण्यातूनच बांधला जातो. बोलीत उत्तर दिले म्हणून मूल चुकले असे होत नाही. गोंडी किंवा भिली बोलणाऱ्या घरांत पूल जास्त लांब असतो आणि शिक्षकाचे काम जास्त नाजूक. पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्या मुलांचे आईबाप ‘आम्हाला काय येतंय, आम्ही काय अभ्यास घेणार’ म्हणून पालकसभेतही मागच्या रांगेत बसतात. तिसरीच्या घरच्या अभ्यासाला घरात शिकवणारे माणूस लागत नाही, ऐकणारे लागते. ही गोष्ट जूनच्या पहिल्या पालकसभेत स्पष्ट सांगितली जायला हवी, आणि फार थोड्या सभांत ती सांगितली जाते. शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांतून गावोगाव जे माता-पालक गट उभे राहिले, त्यांनी पहिलीच्या मुलांसाठी घरी करायच्या सोप्या कृती आयांपर्यंत नेल्या. तीच रीत तिसरीपर्यंत चालू ठेवायला काही खर्च येत नाही.

गणितात प्रथम सत्र स्थानिक किंमत आणि हातचा यांच्यावर उभे असते. एकक, दशक, शतक ही घरे तोंडपाठ असूनही २०७ आणि २७० यांत मूल गोंधळते, कारण शून्य तिथे जागा राखून बसले आहे हे त्याने पाहिलेले नसते. काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे बांधले, दहा गठ्ठ्यांचा एक मोठा जुडगा केला, की २०७ म्हणजे दोन जुडगे, गठ्ठा एकही नाही आणि सुट्या सात काड्या, हे डोळ्यांना दिसते. वजाबाकीत ‘हातचा घेतला’ म्हणजे एक गठ्ठा सोडला, हेही तसेच दिसते. घरी काड्या नसतील तर दहा रुपयांच्या नोटा आणि सुटी नाणी आहेत.

मराठी संख्यावाचन या टप्प्यावर वेगळी अडचण उभी करते. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी आणि वीस नंतर, लिहिताना दोन आधी आणि सात नंतर. म्हणून सत्तावीस सांगितले की पुष्कळ मुले ७२ लिहितात. ‘एकोणतीस’ ऐकताना तर तिसातून एक वजा करावा लागतो. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ ही वाचनाची पद्धतही आली. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या विषय समितीच्या प्रमुख होत्या. त्यावर मोठा गदारोळ झाला, विषय विधिमंडळापर्यंत पोचला, भाषा बिघडवल्याचा आरोप झाला. समितीचे म्हणणे साधे होते: जुने शब्द राहू द्या, पण अडणाऱ्या मुलाला दुसरी वाट द्या. २७ला ‘वीस आणि सात’ म्हणून पाहिलेल्या मुलाला बेरजेत दशक सापडतो, एवढे लक्षात घेतले तर ती वाट उपकारकच होती. घरी अभ्यास घेताना ती आजही वापरता येते. आधी ‘वीस सात’, मग ‘सत्तावीस’.

पाढ्यांचा प्रश्न निराळा आहे. मराठी घरांत पाढे म्हणण्याची परंपरा शाळेपेक्षा जुनी आणि शाळेइतकीच भक्कम. दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर परवचा म्हणताना पाढे यायचे, आणि पूर्वी पूर्णांकांच्या पाढ्यांवर न थांबता पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीही यायची. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, आणे-पै गेले, मापेही मेट्रिक झाली आणि व्यवहारातली पावकी-औटकीची गरज सरली. दोन ते दहाचे पाढे मात्र तिसरीच्या मुलाला अजूनही हवेतच, कारण द्वितीय सत्रातला गुणाकार आणि भागाकार त्यांच्याशिवाय पुढे सरकत नाही. ‘त्रिक’, ‘चोक’, ‘पंचे’, ‘सक’ यांचा ठेका पाठांतराला मोठी मदत करतो. तो ठेका जपावा. फक्त सहा चोक चोवीस म्हणणाऱ्या मुलाने चार-चारच्या सहा ओळींत चिंचोके एकदा तरी मांडलेले असावेत. पाठांतराला कमी लेखण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२४मध्ये झालेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या तिसरीच्या मुलांपैकी ५५ टक्के मुलांनाच ९९पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या. संख्येचा अंदाज आणि संख्येचे पाठांतर या दोन्हींत कमतरता आहे.

घरच्या अभ्यासाचे खरे शेत परिसर अभ्यासात आहे. बालभारतीने तिसरीचे हे पुस्तक जिल्हावार काढले, त्यामुळे नाशिकच्या मुलाने नाशिक जिल्ह्याचा आणि रत्नागिरीच्या मुलाने रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा पाहिला. तिसरीच्या मुलाचे जग घरापासून तालुक्याच्या बाजारापर्यंत असते, हे ओळखून केलेली ही रचना आहे. गावातले पाण्याचे जुने साठे, आजोबांच्या लहानपणीची वाहने, घरात शिजणाऱ्या धान्यांची नावे, रात्री आकाशात चंद्र कुठे दिसला याची पंधरा दिवसांची नोंद, यांतले काहीच पुस्तकात सापडत नाही. ते विचारून, पाहूनच आणावे लागते. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३च्या अहवालात प्राथमिक वर्गांना गृहपाठ नकोच, असला तर घर आणि परिसर धुंडाळण्यापुरताच असावा, असे म्हटले होते. तीस वर्षांत या शिफारशीचे महत्त्व तसूभरही कमी झालेले नाही.

प्रत्यक्षात पाळला जातो तो दुसराच रिवाज: पाठाखालची प्रश्नोत्तरे दोनदा लिहा, पाठातला उतारा शुद्धलेखनाला घ्या, चुकलेला शब्द दहा वेळा लिहा. दुरेघी वहीची पाने भरतात, पालकांची सही होते, शिक्षिका लाल शाईने बरोबरची खूण करते आणि सगळ्यांना अभ्यास झाल्याचे समाधान मिळते. उतरवून काढण्याने अक्षर वळणदार होते, एवढे श्रेय त्याला द्यावे. आठवड्यातून दोनदा, पाच-सहा ओळी, एवढ्यावर ते थांबायला हवे. चाळीस वह्या तपासण्यात शिक्षिकेचा जो वेळ जातो, तो चाळीस मुलांचे वाचन ऐकण्यात गेला तर दोन्ही बाजूंचा लाभ आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर संध्याकाळी सात वाजता पडणारा ‘उद्याचा प्रकल्प’ हाही तसाच. तो मूल करत नाही. आई करते, किंवा स्टेशनरीच्या दुकानातून तक्ता विकत येतो. शहरांत तिसरीलाच शिकवणी लागते आणि शाळेच्या चार तासांवर आणखी दीड-दोन तास चढतात. आठ वर्षांच्या मुलाची संध्याकाळ खेळण्यासाठी आहे. ती काढून घेण्याचा हक्क शाळेला नाही आणि घरालाही नाही.

घरचा अभ्यास मूल्यमापनात कुठे धरला जातो, याची पालकांना क्वचितच माहिती असते. २०१०मध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. त्यात तिसरी-चौथीला प्रत्येक सत्रात आकारिक मूल्यमापनाला ६० टक्के आणि संकलित मूल्यमापनाला ४० टक्के भार आहे. संकलितच्या ४० गुणांत ३० लेखी आणि १० तोंडी वा प्रात्यक्षिक. म्हणजे ज्याला घरी ‘परीक्षा’ म्हणतात, तो लेखी पेपर १००पैकी अवघ्या ३० गुणांचा. आकारिकचे ६० गुण दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा साधनांतून सत्रभर जमा होतात. मोठ्याने वाचणे, पाढे म्हणणे, चंद्राची नोंद ठेवणे हे सगळे त्यात बसते. ऑक्टोबरमध्ये पेपरच्या आठवडाभर आधी मुलाला कोंडून बसवणाऱ्या घरांना हे विभाजन कागदावर काढून दाखवले पाहिजे.

दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून बहुतेक शाळा एक वही भरायला सांगतात: रोज एक पान शुद्धलेखन, एक पाढा, शेवटी सणावर निबंध. शेवटच्या दोन दिवसांत ती वही रडतखडत पूर्ण होते. अंगणात मात्र त्याच काळात कोणी न सांगता मोठा अभ्यास चाललेला असतो. मातीचा किल्ला करताना मुले बुरुजाची उंची वितीने मोजतात, तटबंदीला किती विटा लागतील याचा अंदाज बांधतात, मोहरी आणि हळीव पेरून किती दिवसांत कोंब येतात ते पाहतात, दरवाजा कोणत्या दिशेला असावा यावर भांडतात. लांबीचे मापन, दिशा, वनस्पतीची वाढ हे तिसरीच्या वर्षाचेच विषय. सुट्टीनंतर शिक्षिकेने या किल्ल्याबद्दल पाच वाक्ये बोलायला आणि पाच लिहायला सांगितली, तर सुट्टीच्या वहीची गरज राहत नाही.

द्वितीय सत्र तुलनेने घाईचे असते. स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, सहल, प्रजासत्ताक दिन यांत डिसेंबर-जानेवारीचे बरेच दिवस जातात, आणि नेमका याच काळात गणित कठीण होते. गुणाकाराची मांडणी, समान वाटणीतून भागाकार, अर्धा-पाव-पाऊण, लिटर आणि किलोग्रॅम, घड्याळ आणि दिनदर्शिका. यांतली मापने घरीच चांगली कळतात. दुधाची पिशवी अर्ध्या लिटरची, चहाची पुडी पाव किलोची, भाकरीचे चार तुकडे केले की त्यातले तीन म्हणजे पाऊण. मुलाला वाण्याकडे पाठवून उरलेले पैसे मोजून आणायला सांगणे हा गृहपाठच आहे. भाषेत या सत्रात चार-पाच वाक्ये स्वतःच्या मनाने लिहिणे अपेक्षित असते. ती अशुद्ध असली तरी मुलाची स्वतःची असावीत. निबंधाच्या गाइडमधून उतरवलेल्या निर्दोष दहा ओळींपेक्षा त्यांचे मोल जास्त आहे.

काही मुलांच्या वाट्याला हे सत्र येतच नाही. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो आणि बीडसह मराठवाड्यातल्या व शेजारच्या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. कोयत्याबरोबर मुलेही जातात, मार्च-एप्रिलपर्यंत. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत पहाटे आईबाप तोडीला गेले की तिसरीतली मुलगी धाकट्या भावाला सांभाळते. तिच्यासाठी ‘घरचा अभ्यास’ या शब्दांतले घरच हललेले असते. यावर उपाय योजले गेले आहेत: मुलांना गावातच ठेवून जेवणाखाणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहे, कारखान्याच्या परिसरातल्या साखरशाळा आणि स्थलांतरित मुलाला वाटेतल्या कोणत्याही शाळेत बसता यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड. जिथे आजी-आजोबा गावी राहतात तिथे वसतिगृह चांगले चालते. कार्डाचा उपयोग मात्र नव्या गावातले शिक्षक फडावर जाऊन मुले शोधतात की नाही, यावर अवलंबून राहतो. जी मुले एप्रिलमध्ये परत येतात, ती भागाकार न शिकलेलीच येतात. त्यांच्यासाठी संकलित मूल्यमापनाच्या आधीचे दोन आठवडे नुसत्या वाचनाला आणि वजाबाकीला देणारे शिक्षक आहेत. अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या दडपणापुढे त्यांचा निर्णय योग्य ठरतो.

२०२५मध्ये राज्याने पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांसाठी ८ ते २५ एप्रिल असे एकच वेळापत्रक ठरवले. निकाल १ मे रोजी, ध्वजवंदनानंतर. तिसरीला नापास करता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर मुलाला मागे ठेवण्याची मुभा फक्त पाचवी आणि आठवीला मिळाली. प्रगतिपत्रकात अ-१पासून खाली श्रेणी असतात आणि त्यांच्याशेजारी वर्णनात्मक नोंदी. पालकांची नजर श्रेणीवर जाते आणि नोंद वाचायची राहते. ‘चांगली प्रगती आहे’, ‘सुधारणा आवश्यक’ अशा ठरीव नोंदी असतील तर वाचण्यासारखे त्यात काही नसतेही. पण ‘परिच्छेद ओघाने वाचतो, गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो, हातच्याच्या वजाबाकीत शून्य आले की चुकतो’ अशी नोंद ज्या शिक्षिकेने केली, तिने चौथीच्या शिक्षकाचे जूनचे काम अर्धे करून ठेवलेले असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी काय करायचे, तेही त्याच ओळीत लिहिलेले आहे: रोज एक पान मोठ्याने वाचून दाखवणे, आणि शंभराची नोट मोडून अडतीस रुपयांचा जिन्नस आणणे.